कागद बांजुलला पोचला, तपासणी मधेच राहिली

५ ऑक्टोबर २०२२ ला आमच्या लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डब्ल्यूएचओचा अलर्ट येऊन पडला. चार सिरप, भारतीय कंपनी, गांबिया नावाचा देश आणि ६६ मुलं गेली. खाली आमच्या एका सीनियरने फक्त दोन शब्द टाकले होते, "परत डीईजी?" मला सगळ्यात जास्त लागला तो हा "परत", कारण आमच्या धंद्यात डीईजी, म्हणजे डायइथिलिन ग्लायकॉल नावाचं कारखान्यातलं विषारी रसायन, माहीत नाही असा माणूस नाही, आणि तरीही ते दर काही वर्षांनी कुठल्या तरी गरीब गावातल्या मुलांच्या पोटात जातंच.

मी तारापूरच्या बाजूला बरीच वर्षं औषध कारखान्यांच्या क्यूसीमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या खात्यात काढली, गोळ्या कमी आणि पातळ औषधं जास्त, त्यामुळे हे प्रकरण मी बातमी म्हणून वाचलंच नाही, आपल्याच शेजारच्या प्लांटमधलं डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत झालेली चूक वाचावी तसं वाचत गेलो. आफ्रिकेत औषधं कशी पोचतात, कोण तपासतं, कोण तपासत नाही, यावर कॉन्फरन्सा खूप होतात, पण एकच केस शेवटपर्यंत धरून बघितली तर जास्त कळतं असं माझं मत. म्हणून ही एकच घेतो.

आधी देश कुठला ते सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांनी हे नाव त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नकाशात सेनेगलच्या पोटात सुरी घुसवल्यासारखी एक बारीक पट्टी दिसते, मधून नदी जाते, तीच गांबिया. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात छोटा देश, लोकसंख्या अंदाजे २५ लाख, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम जिल्हा. राजधानी बांजुल, तिथलं मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे एडवर्ड फ्रान्सिस स्मॉल टीचिंग हॉस्पिटल. औषधं जवळपास सगळी बाहेरून येतात, त्यात भारतातून भरपूर. २०१४ च्या कायद्याने मेडिसिन्स कंट्रोल एजन्सी नावाची यंत्रणा उभी राहिली होती, म्हणजे कायदा होता, ऑफिस होतं, रजिस्ट्रेशनची पद्धतही होती. औषधात नेमकं काय आहे ते तपासणारी लॅब मात्र देशात एकही नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

शू बंद झालेली मुलं

२०२२ च्या जून-जुलैपासून त्या हॉस्पिटलमध्ये लहान मुलं यायला लागली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली, त्यातही खूपशी दोन वर्षांचीसुद्धा नव्हती. ताप, सर्दी, उलट्या, जुलाब, म्हणजे पावसाळ्यात कुठेही मुलांना होतं तेच. मग दोन-तीन दिवसांत आईला लक्षात यायचं की पोराचं लंगोट कोरडंच आहे. शू होत नाहीये. किडनी बंद पडत चालली होती. तिथले किडनीचे तज्ज्ञ प्रोफेसर अबुबकर जान्ये यांनी जुलैच्या शेवटी हा आकडा नेहमीचा नाही म्हणून धोक्याची घंटा वाजवली. आता बघा, एका डॉक्टरला आठवड्यात एवढ्या पोरांची किडनी जाताना दिसली आणि त्याला खटकलं, इथूनच सगळं उलगडायला लागलं. कुठल्या सॉफ्टवेअरने नाही, कुठल्या इन्स्पेक्टरने नाही.

पण कारण लगेच सापडलं नाही आणि त्याचा दोष मी तरी कुणाला देणार नाही. जुलैच्या शेवटी तिथे प्रचंड पाऊस झाला, पूर आला, संडासाचं पाणी आणि प्यायचं पाणी एक झालं, त्यामुळे आधी संशय गेला ई-कोलाय या पोटाच्या जंतूवर. बरोबरच आहे, ई-कोलायच्या काही जातींनी मुलांची किडनी जातेच. पण काही मुलांना त्या प्रकारचा जुलाब नव्हता आणि पालकांना विचारत गेल्यावर एक गोष्ट परत परत पुढे यायला लागली, पातळ औषध. पोराला ताप आला म्हणून औषध आणलं, पाजलं, मग हे झालं. सप्टेंबरमध्ये सरकारने पॅरासिटामॉल सिरप थांबवायला सांगितलं, मग प्रोमेथॅझिन या ॲलर्जी-सर्दीच्या औषधाचं सिरपही परत मागवलं.

आणि नमुने? देशात लॅबच नाही म्हटल्यावर बाटल्या विमानाने बाहेर गेल्या. डब्ल्यूएचओने घाना आणि स्वित्झर्लंडमधल्या लॅबांकडून तपासणी करून घेतली. जुलैच्या शेवटी घंटा वाजली आणि अलर्ट निघाला ऑक्टोबरच्या पाच तारखेला. मधले दोन महिने. जीसी मशीन, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र असलेली कुठलीही बरी लॅब हा रिपोर्ट एका दिवसात देते, मी अतिशयोक्ती करत नाहीये, सकाळी सॅम्पल लावलं तर संध्याकाळच्या चहाच्या आधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्याचा आलेख, हातात असतो. त्या दोन महिन्यांत किती घरांत त्या बाटल्या उघडल्या गेल्या असतील याचा विचार मी सहसा टाळतो.

तपासलेल्या २३ नमुन्यांपैकी चारात विष निघालं. प्रोमेथॅझिन ओरल सोल्यूशन, कोफेक्समालिन बेबी कफ सिरप, मॅकॉफ बेबी कफ सिरप, मॅग्रिप एन कोल्ड सिरप. चारही हरियाणातल्या मेडन फार्मास्युटिकल्सचे, सोनीपतजवळच्या कुंडलीच्या प्लांटमधले. डायइथिलिन ग्लायकॉल आणि इथिलिन ग्लायकॉल मिळून प्रमाण एक टक्क्यापासून एकवीस टक्क्यांपर्यंत. चालतं किती? ०.१० टक्के. म्हणजे कुठे दहापट, कुठे दोनशेपटीच्या वर.

ड्रमची गोष्ट

आता इथे जरा थांबतो, कारण न्यूज चॅनलवाल्यांनी "सिरपमध्ये विष मिसळलं" असं सांगून टाकलं आणि लोकांना वाटलं कुणीतरी मुद्दाम बाटलीत काहीतरी ओतलं. तसं होत नाही.

पातळ औषधात मुख्य औषध अगदी थोडं असतं. बाकी पाणी, साखर, रंग, वास आणि एक असा द्रव ज्याच्यात औषध नीट विरघळेल. हा द्रव म्हणजे प्रोपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल. हे दोनशे-सव्वादोनशे किलोच्या ड्रममधून येतं. प्रोपिलिन ग्लायकॉल दिसायला पाण्यासारखं, जरा जाड, वास नाही, चवीला गोडसर. डायइथिलिन ग्लायकॉल दिसायला पाण्यासारखं, जरा जाड, वास नाही, चवीला गोडसर. समजलं ना? फरक एवढाच की एक औषधात चालतं आणि दुसरं ब्रेक ऑइल, रंग, रेझिन असल्या कारखान्यांच्या कामाचं, आणि दुसरं स्वस्त. शरीरात गेल्यावर त्याच्यापासून डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होतं, ते किडनीच्या बारीक नळ्यांच्या पेशी मारतं. आधी शू बंद, मग मेंदूवर परिणाम. यावर फोमेपिझोल नावाचा उतारा आहे पण तो वेळेत द्यावा लागतो आणि मुळात जवळ असावा लागतो. नाहीतर मग डायलिसिस, आणि दोन वर्षांच्या पोराचं डायलिसिस करणं ही आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी सुद्धा सोपी गोष्ट नाही. बांजुलहून काही आईबाप पोरांना घेऊन डाकारला धावले, सेनेगलमध्ये.

मग हे ड्रममध्ये येतं कुठून? बनवणारी मोठी कंपनी टँकर विकते, तिच्याकडून डीलर घेतो, डीलरकडून छोटा ट्रेडर, ट्रेडर ड्रम भरतो, लेबल लावतो, सोबत सीओए देतो, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस. ह्या रस्त्यात प्रत्येक वळणावर ड्रम बदलू शकतो आणि कागद मात्र पहिल्याचाच पुढे जात राहतो.

एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव नाही सांगणार, आता मी तिथे नाही. मी नवीन होतो. ग्लायकॉलचे सहा ड्रम आले, सोबत सीओएची झेरॉक्स, आणि जिथे मूळ उत्पादकाचं नाव असायला हवं तिथे व्हाइटनर लावून त्यावर ट्रेडरचा शिक्का मारलेला. उजेडासमोर धरलं की खालची अक्षरं पुसट दिसत होती. मी स्टोअरला फोन केला तर समोरून उत्तर, "अहो साहेब, नेहमीचाच माणूस आहे, प्रॉडक्शन अडलंय." मी सहाही ड्रमचं सॅम्पल वेगवेगळं काढून लावलं, निघाले चांगले, आणि मला दोन दिवस उशीर केला म्हणून बोलणी बसली. चांगले निघाले म्हणून बोलणी बसली हे लक्षात घ्या, वाईट निघाले असते तर मी हिरो झालो असतो की नाही ते मला आजही सांगता येत नाही. तर डीईजीची टेस्ट चुकते ती अशी, कुणी ठरवून टाळतं असं नसतं, माल ओळखीचा असतो, ट्रक खाली उभा असतो आणि एका ड्रमचं सॅम्पल काढून सहांचा रिपोर्ट भरला जातो.

कुंडलीत काय सापडलं? अलर्टनंतर हरियाणाच्या औषध अधिकाऱ्यांनी प्लांटची तपासणी केली, डझनभर त्रुटी काढल्या आणि प्रॉडक्शन बंद करायला लावलं. त्यात माझ्या दृष्टीने दोनच महत्त्वाच्या. एक, प्रोपिलिन ग्लायकॉलची डीईजी आणि ईजी (इथिलिन ग्लायकॉल) यांच्यासाठी टेस्टच केलेली नव्हती. दोन, त्या ग्लायकॉलच्या बिलांवर बॅच नंबर, उत्पादकाचं नाव, बनवल्याची तारीख हे धड लिहिलेलं नव्हतं. दुसरी त्रुटी असली की टेस्ट टाळायची सोयच उरत नाही, कारण ड्रममध्ये काय आहे हे कागदावरून कळणार नाही म्हटल्यावर टेस्ट हाच एक मार्ग राहतो, आणि तोच घेतला नाही. बरं, कंपनीची पार्श्वभूमीही कोरी पाटी नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोनीपतच्या कोर्टाने याच कंपनीच्या दोन वरिष्ठांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली, पण ती गांबियासाठी नाही, कितीतरी वर्षं आधी व्हिएतनामला पाठवलेल्या खराब गोळ्यांच्या केसमध्ये!

तुम्ही तपासाल असं वाटलं होतं

अलर्टनंतर आपल्या आरोग्य मंत्रालयाने जे पत्रक काढलं ते मी दोनदा वाचलं. त्यात एक मुद्दा असा की ही औषधं फक्त निर्यातीसाठीच परवाना असलेली आहेत, भारतात विकली जात नाहीत, म्हणजे आपल्या लोकांनी घाबरू नये. ठीक. दुसरा मुद्दा असा की आयात करणारा देश आलेला माल दर्जासाठी तपासून, समाधान झाल्यावरच वापरायला सोडतो, अशी पद्धत आहे.

पद्धत आहे. कागदावर अगदी खरी. पण ज्या देशात लॅबच नाही त्याने तपासायचं कशाने, चव घेऊन? आणि गांबियावाल्यांच्या बाजूने बघा, त्यांचा हिशेब असा की माल भारतातून आलाय, सरकारी परवाना असलेल्या कारखान्यातला आहे, म्हणजे तिकडे बघितलंच असेल. हरियाणाने परवाना दिला होता, कंपनीने ट्रेडरच्या कागदावर विश्वास ठेवला, आयातदाराने कंपनीच्या, फार्मसीने आयातदाराच्या, आणि आईने फार्मसीच्या. या साखळीत प्रत्येकाने मागच्यावर विश्वास ठेवला आणि पुढचा तपासेल असं धरलं. गावच्या लग्नात प्रत्येकाला वाटतं मीठ दुसऱ्याने टाकलं असेल, तसं.

वरून गांबियाच्या सरकारने नेमलेल्या टास्क फोर्सने २०२३ च्या जुलैमध्ये जे सांगितलं ते जास्त लाजिरवाणं. ही औषधं मेडिसिन्स कंट्रोल एजन्सीकडे रजिस्टरच झालेली नव्हती. आधी रजिस्ट्रेशन मग आयात, असा त्यांचा स्वतःचा कायदा, तरी माल देशात आला. लॅब नव्हती हे मान्य, पण फाइल बघायला लॅब लागत नाही. एजन्सीच्या सगळ्यात वरच्या दोन अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. मला स्वतःला यात जरा राजकीय सोयही दिसते, म्हणजे दोन माणसं काढली की काहीतरी केल्यासारखं दिसतं, पण रजिस्ट्रेशनशिवाय माल बंदरातून सुटला हे त्यांच्या नाकाखाली झालं हेही खरंच.

मग बाटल्या गोळा करायचं काम. रिकॉल, म्हणजे माल परत मागवणं, हा शब्द आपण प्लांटमध्ये बसून फार सहज वापरतो, एक ईमेल, एक एक्सेल शीट. तिथे गांबिया रेड क्रॉसचे स्वयंसेवक दारोदार फिरले, घरातली पातळ औषधं मागून घेतली, १६,००० च्या वर वस्तू जमा केल्या. कल्पना करा, पोराला ताप आहे आणि दारात जाकीट घातलेला माणूस म्हणतो, ताई तुमच्याकडचं औषध द्या. काही घरांत पोर आधीच गेलेलं. आयातदार कंपनीने ५०,००० बाटल्या आणल्या होत्या, त्यातल्या ४१,४६२ सापडल्या, सील झाल्या. ८,५३८ चा हिशेब लागला नाही.

भारतात काय झालं म्हणाल तर सरकारने चार जणांची समिती नेमली, कारखान्यात ठेवलेले त्याच बॅचचे कंट्रोल सॅम्पल चंदीगडच्या सरकारी लॅबमध्ये तपासले आणि डिसेंबर २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांनी डब्ल्यूएचओला लिहून कळवलं की नमुने प्रमाणात आहेत, विष सापडलेलं नाही. डब्ल्यूएचओ आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली. पुढे नमुने बदलल्याचे आरोपही झाले, संबंधितांनी ते नाकारले, त्यात मी पडत नाही. पण क्यूसीचा माणूस म्हणून एक सांगतो, कपाटातली बाटली चांगली निघाली म्हणून बांजुलमधली बाटली चांगली ठरत नाही. मार्केटमधला नमुना फेल आणि कंट्रोल सॅम्पल पास अशी वेळ आली तर कुठल्याही ऑडिटरचा पहिला प्रश्न असतो की मग ह्या दोन बाटल्यांत फरक पडला कसा, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत केस उघडी असते. आपण ती तशी उघडी ठेवली नाही, पास झालं म्हणून पत्र पाठवून मोकळे झालो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने गांबियाच्या आरोग्य खात्याबरोबर केलेला तपास छापला, त्यातही बोट ह्याच सिरपांकडे होतं.

मुंबईला हे सांगायची गरज नव्हती

ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना जे.जे. आठवत असेल. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये मेंदूचा आणि डोळ्याचा दाब कमी करायला पेशंटना ग्लिसरीन पाजलं गेलं, त्यात डायइथिलिन ग्लायकॉल होतं, १४ माणसं किडनी जाऊन मेली. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि त्यांनी हॉस्पिटलपासून आपल्या एफडीएपर्यंत, म्हणजे राज्याच्या औषध खात्यापर्यंत, आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची अशी सालटी काढली की आरोग्यमंत्री भाई सावंतांना जावं लागलं. आमचे एक जुने सर ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी लेंटिन रिपोर्टचं नाव फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, हा ज्याला माहीत नाही त्याने ग्लिसरीनच्या ड्रमला हात लावायचा नाही.

आणि जे.जे. तरी पहिलं कुठे होतं. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध डीईजीमध्ये बनवलं, शंभरावर माणसं गेली, त्यातूनच पुढच्या वर्षी त्यांचा औषधांचा कडक कायदा आला. नायजेरियात १९९० मध्ये पॅरासिटामॉल सिरपने मुलं गेली, परत २००८-०९ मध्ये "माय पिकिन" नावाच्या दात येतानाच्या औषधाने ८० च्या वर बाळं गेली. ते नायजेरियातच बनलेलं होतं, त्यामुळे "बाहेरचा माल वाईट, आपला चांगला" हे गणितही चालत नाही. आणि नायजेरियाकडे औषधांची यंत्रणा होती, लॅबही होत्या. म्हणजे लॅब असली की सुटलो असंही नाही, ड्रम उघडताना कोण उभं आहे हा प्रश्न राहतोच.

इथे दुसरी बाजू मांडली नाही तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. हाच भारत, त्यातही मुंबईच, आफ्रिकेला औषध मिळवून देण्यात पुढे होती. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एड्सची तिहेरी औषधं वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत, द्यायची तयारी दाखवली, तेव्हा त्याच औषधांचा युरोप-अमेरिकेतला खर्च माणशी वर्षाला दहा-बारा हजार डॉलर होता. त्यानंतर आफ्रिकेत एड्सचा पेशंट म्हणजे मेलाच हे समीकरण बदललं. पण त्या गोळ्या डब्ल्यूएचओच्या प्रीक्वालिफिकेशनमधून गेल्या, म्हणजे बाहेरच्या इन्स्पेक्टरांनी येऊन प्लांट बघितले, फाइली बघितल्या, कारण विकत घेणारे मोठे फंड होते आणि त्यांनी ती अट घातली होती. खोकल्याच्या सिरपला असला कुणी मोठा गिऱ्हाईक नसतो. ते छोटा आयातदार छोट्या कंपनीकडून सगळ्यात कमी भावाला घेतो आणि फार्मसीत खपवतो. एड्स, मलेरिया, टीबीच्या औषधांवर जगाची नजर आहे आणि बाळाच्या सर्दीच्या औषधावर कुणाचीच नाही, असा हा प्रकार. आफ्रिकेत "भारतीय औषधं बंद करा" म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगेन, बंद केलीत तर दवाखान्याची फळी रिकामी होईल, आणि रिकाम्या फळीवर बाजारातला टोपलीवाला येऊन बसतो, त्याच्याकडे तर लेबलसुद्धा धड नसतं.

मग काय बदललं

१ जून २०२३ पासून भारताने नियम केला की कफ सिरप निर्यात करायचं तर आधी सरकारी मान्यतेच्या लॅबचा रिपोर्ट घ्या. १ जुलै २०२३ पासून गांबियाने भारतातून येणाऱ्या प्रत्येक औषधाच्या मालाची जहाजावर चढण्याआधीच तपासणी सक्तीची केली, आणि त्यासाठी नेमली मुंबईतली एक स्वतंत्र लॅब. म्हणजे बघा, गांबियाच्या औषधाची तपासणी शेवटी मुंबईत व्हायला लागली. मला ही व्यवस्था वाईट वाटत नाही, २५ लाखांच्या देशाने कोट्यवधींची लॅब उभारून ती चालवणारी माणसं कुठून आणायची, त्यापेक्षा माल निघतो तिथेच पकडा. पण ह्यात एक गोम आहे. निघालेल्या मालाची बाटली तपासणं म्हणजे शेवटच्या दारावर वॉचमन बसवणं. विष ड्रममधून आत येतं, ते पहिल्या दारावर पकडायला हवं. आणि त्याला मोठी मशीन पण लागत नाही, पातळ सिलिकाच्या प्लेटवर एक थेंब चांगल्या ग्लायकॉलचा, एक संशयित ड्रमचा, एक माहीत असलेल्या डीईजीचा, शेजारी शेजारी टाकायचे, प्लेट द्रावणात उभी करायची, वर चढू द्यायची, रंग द्यायचा. डीईजीचा डाग वेगळ्या उंचीवर उभा राहतो, डोळ्यांनी दिसतो. टीएलसी म्हणतात ह्याला, बीफार्मच्या पोरांना कॉलेजात शिकवतात. प्रत्येक ड्रमला एक प्लेट, बस. बांजुलच्या बंदरावर सुद्धा एका टेबलावर हे होऊ शकतं.

मोठ्या पातळीवर आफ्रिकन मेडिसिन्स एजन्सी आहे, २०१९ मध्ये करार झाला, नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झाला, मुख्यालय रवांडात किगालीला. छोट्या देशांनी प्रत्येकाने तीच फाइल वेगळी वेगळी वाचायची यात अर्थ नाही, हे तिथल्या दक्षिणेकडच्या देशांनी आधीच ओळखलं होतं, २०१३ पासून झांबिया, झिम्बाब्वे, बोत्स्वाना, नामिबिया यांनी मिळून झाझिबोना नावाची पद्धत चालवली, एकाने वाचलं की बाकीचे ते धरून चालतात. डब्ल्यूएचओ औषध यंत्रणांना मॅच्युरिटीचे, म्हणजे यंत्रणा किती पक्की आहे त्याचे ग्रेड देते, टांझानिया २०१८ मध्ये तिसऱ्या पातळीला पोचणारा आफ्रिकेतला पहिला देश, मग घाना, नायजेरिया वगैरे. घानाच्या लॅबनेच तर गांबियाचे नमुने तपासले. शेजाऱ्याच्या घरी चांगला काटा असेल तर आपण वजन तिथे करून आणायला लाज कसली, फक्त माणसं गेल्यावर नाही, माल उतरल्यावर.

पण हे सगळं नियम पाळणाऱ्यांसाठी. २०२३ च्या जुलैमध्येच डब्ल्यूएचओचा अलर्ट आला, कॅमेरूनमध्ये नॅचरकोल्ड नावाचं सिरप सापडलं होतं, तब्बल २८.६ टक्के डीईजी. बाटलीवर उत्पादक म्हणून इंग्लंडच्या एका कंपनीचं नाव. ब्रिटनच्या यंत्रणेने सांगितलं अशी कंपनीच नाही. माग काढत गेले तर इंदूर. कॅमेरूनमध्ये त्या औषधाला परवानाही नव्हता, माल मागच्या दाराने आलेला. आता ह्याला मुंबईतली तपासणी काय करणार.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. मध्य प्रदेशात छिंदवाड्यातली मुलं, कोल्ड्रिफ सिरप, तमिळनाडूतला छोटा कारखाना, ४८.६ टक्के डीईजी, वीसच्या वर मुलं गेली, त्यातली बरीच नागपूरच्या हॉस्पिटलांमध्ये, कारण छिंदवाड्याहून मोठं हॉस्पिटल म्हणजे नागपूरच. तोच क्रम, ताप, सिरप, शू बंद, आधी वाटलं साथ आहे, पाण्याचे नमुने तपासले, मग औषधाकडे नजर गेली. गांबियाची फाइल उघडून फक्त गावाचं नाव बदलावं एवढं तंतोतंत. निर्यातीच्या सिरपला लॅबचा रिपोर्ट सक्तीचा होता, देशातल्या सिरपला ती अट नव्हती. २०२२ मध्ये "ही औषधं भारतात विकली जात नाहीत" म्हणून जो सुस्कारा सोडला होता तो नागपूरच्या आयसीयूबाहेर उभ्या आईबापांना कुणी वाचून दाखवू नये.

एक गोष्ट राहिलीच जी क्यूसीवाले बोलत नाहीत कारण आमचं पोट त्यावर आहे. ह्यातल्या किती मुलांना मुळात त्या सिरपची गरज होती? दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथॅझिन द्यायचंच नसतं, श्वास मंदावतो. साध्या सर्दी-खोकल्याच्या सिरपचा एवढ्या लहान मुलांना फायदा होतो असा धड पुरावा नाही. पण डॉक्टरकडे गेलो आणि बाटली मिळाली नाही तर आपल्याला फी वाया गेल्यासारखी वाटते, इथेही आणि बांजुललाही. आफ्रिकेत औषध पोचवा म्हणताना नेमकं कुठलं औषध पोचवायचं याचीही यादी करावी लागते, आणि माझ्या मते "बेबी कफ सिरप" त्या यादीत पहिल्या पानावर नको.

गांबियातली १९-२० कुटुंबं २०२३ मध्ये हायकोर्टात गेली, कंपनीविरुद्ध, आयातदाराविरुद्ध, आणि स्वतःच्या सरकारच्या औषध एजन्सी आणि आरोग्य खात्याविरुद्धही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, त्यांनी साखळीतला कुठलाच दुवा सोडला नाही.

आणि त्या ८,५३८ बाटल्या. ते चारही सिरप डिसेंबर २०२१ मध्ये बनले होते, लेबलवर एक्स्पायरी नोव्हेंबर २०२४. म्हणजे कागदावर त्या आता बाद झाल्यात. डीईजीला एक्स्पायरी नसते.